गुन्हा केला म्हणून नाव उरलं

आयर्लंडमधल्या पूर्वजांचा शोध घ्यायला बसलेल्या माणसाला एक तारीख फार लवकर पाठ होते : ३० जून १९२२. आयरिश यादवी युद्धाला नुकतंच तोंड फुटलं होतं. इंग्लंडशी झालेला करार अमान्य असलेल्या सैनिकांनी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत ठाण मांडलं होतं आणि नव्या सरकारच्या फौजेने तिच्यावर तोफा लावल्या होत्या. त्या दिवशी आत प्रचंड स्फोट झाला, आग भडकली आणि त्याच आवारातला देशाचा दफ्तरखाना, पब्लिक रेकॉर्ड ऑफिस, जळून खाक झाला. अर्धवट जळालेले कागद वाऱ्यावर उडून शहरभर पडत होते.

१८२१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद त्या आगीत गेले. मृत्युपत्रं गेली, कोर्टांची दफ्तरं गेली, प्रोटेस्टंट चर्चच्या कित्येक नोंदवह्या गेल्या. पुढच्या चार जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट केले. त्यांतल्या १८८१ आणि १८९१ च्या कागदांचा तर पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा झाला. त्यामुळे आयर्लंडची पूर्ण स्वरूपात मिळणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची आहे. त्याआधी खेड्यात जन्मून तिथेच मेलेल्या शेतमजुराचं नाव कुठल्याही कागदावर सापडेल, याची खात्री देता येत नाही.

अशा गरिबांपैकी एका वर्गाची मात्र तपशीलवार नोंद आहे. उंची, डोळ्यांचा रंग, धर्म, धंदा, गाव, मुलंबाळं, दंडावरचं गोंदणसुद्धा. हा वर्ग म्हणजे शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला पाठवलेले कैदी.

समुद्रापारची शिक्षा

१७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटिश सरकारने १ लाख ६० हजारांहून अधिक कैदी ऑस्ट्रेलियात नेले. त्यांतले सुमारे ४० हजार थेट आयर्लंडहून गेले. पहिलं आयरिश जहाज ‘क्वीन’ एप्रिल १७९१ मध्ये कॉर्कहून निघालं आणि सप्टेंबरात सिडनीला लागलं. न्यू साउथ वेल्समध्ये कैदी पाठवणं १८४० मध्ये थांबलं. त्यानंतरचे बहुतेक आयरिश कैदी व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला गेले; तेही १८५३ मध्ये बंद झालं. शेवटचं जहाज ‘हूगोमाँट’ जानेवारी १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला पोहोचलं. त्यावर ६२ फेनियन, म्हणजे आयरिश स्वातंत्र्यवादी कैदी होते. आपल्याकडचं अंदमान याच व्यवस्थेतलं. तिथली कैद्यांची वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाचं पर्व संपत आलं होतं.

आयरिश कैदी म्हटलं की बंडखोर डोळ्यांसमोर येतो. १७९८ च्या उठावातली माणसं गेली, १८४८ च्या फसलेल्या उठावाचे पुढारी गेले, जमीनदारांविरुद्ध रात्री-बेरात्री हल्ले करणारे शेतकरीही गेले. पण सगळे मिळून ते थोडे. बहुसंख्य लोक मेंढी, गाय, कापड, भांडी किंवा पैसे चोरल्याबद्दल गेले. शिक्षा बहुधा सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मठेप. सात वर्षांची शिक्षा संपली तरी परतीचं भाडं सरकार देत नसे, म्हणून बहुतेक जण तिथेच राहिले.

शोध उलटा चालतो

नवशिका माणूस आयर्लंडपासून सुरुवात करतो आणि ‘जॉन मर्फी, कॉर्क’ अशा शेकडो जणांत हरवतो. जाणकार ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूपासून मागे येतात. टास्मानियात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८३८ मध्ये सुरू झाली, व्हिक्टोरियात १८५३ मध्ये, न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ मध्ये. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सचे मृत्यूचे दाखले फार उदार आहेत. मृताच्या आईवडिलांची नावं, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षं काढली, लग्न कुठे झालं, मुलं किती, एवढं एका कागदावर असू शकतं. माहिती देणारा घरचा असेल तर ती बरीचशी खरी असते, शेजारी किंवा दवाखान्यातला कारकून असेल तर रकाने रिकामे राहतात.

‘वसाहतीत ३४ वर्षं’ अशी नोंद मिळाली की येण्याचं साल निघतं. मग शोधायचं जहाज. कैदी एकदा उतरला की पुढे आयुष्यभर सरकारी कागदांत त्याच्या नावापुढे जहाजाचं नाव लागायचं. दोन जॉन केली समोर आले तर त्यांना वेगळं करायला हाच आधार. पण एकच जहाज अनेकदा कैदी घेऊन येई, म्हणून जहाजाबरोबर साल लागतंच.

जहाज कळलं की इंडेंट उघडायचं. जहाजाबरोबर आलेल्या कैद्यांची ही यादी. सुरुवातीच्या काळात ती अगदीच त्रोटक असे. काही आयरिश जहाजांबरोबर तर शिक्षेची मुदत सांगणारे कागदच आले नव्हते आणि आपली शिक्षा संपली की नाही हे कैद्यालाही सिद्ध करता येत नव्हतं. १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून मात्र या याद्या बोलक्या झाल्या. वाचता येतं की लिहिता-वाचता येतं, रोमन कॅथलिक की प्रोटेस्टंट, लग्न झालंय का, मुलगे किती, मुली किती, मूळ परगणा कोणता, गुन्हा काय, खटला कुठे आणि कधी, आधीची शिक्षा आहे का. मग चेहरा : देवीचे व्रण, पडलेला दात, तुटलेलं बोट, हातावर गोंदलेला नांगर किंवा कुणाच्या नावाची आद्याक्षरं. एखाद्या ओळीत भाऊ तीन वर्षांपूर्वीच इकडे आला आहे असा शेरा असतो, आणि एका कैद्यामागे दुसरा सापडतो.

यानंतरचे कागद कैद्याच्या सुटकेच्या पायऱ्या दाखवतात. वर्तन बरं असेल तर तिकीट ऑफ लीव्ह. ते मिळालं की ठरवून दिलेल्या जिल्ह्यात स्वतःसाठी काम करता येई. मुदत संपली की सुटकेचा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम. जन्मठेपवाल्याला सशर्त किंवा पूर्ण माफी. लग्न करायचं तर सरकारची परवानगी, त्याचीही वही वेगळी. टास्मानियातल्या वर्तन-नोंदींत तर दारू पिऊन सापडला, मालकाला उलटून बोलला, परवानगीशिवाय बाहेर राहिला, आणि त्याबद्दल एकांतकोठडीचे किती दिवस किंवा पाठीवर किती फटके, हे सगळं एकाखाली एक लिहिलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या या कैदी-दफ्तरांना युनेस्कोने २००७ मध्ये ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’च्या यादीत घेतलं.

दोन डुकरं

या पद्धतीचं बळ पाहायचं तर ऑस्ट्रेलियाचा सर्वांत प्रसिद्ध दरोडेखोर नेड केली याच्या वडिलांचं उदाहरण घ्यावं. लोखंडी चिलखत घालून पोलिसांशी लढलेल्या आणि ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात फाशी गेलेल्या नेडचं घराणं आयरिश. वडील जॉन केली, लाल केसांमुळे ‘रेड’ केली, यांना टिपरारी परगण्यातून शिक्षा होऊन पाठवलं होतं एवढं सर्वांना ठाऊक. कशाबद्दल, यावर मात्र कथा रंगल्या. कोणी म्हणे ते देशभक्त होते, कोणी म्हणे त्यांनी जमीनदारावर गोळी झाडली होती. नेड लोकनायक झाल्यावर त्याच्या बापाला साजेसा गुन्हा लोकांनी शोधून दिला, आणि कोर्टाची दफ्तरं १९२२ च्या आगीत गेल्यामुळे तो खोडून काढणं सोपं राहिलं नाही.

उरलेले कागद मात्र सरळ बोलतात. जॉन केली यांचा जन्म १८२० चा, टिपरारीतल्या मॉयग्लासचा. एकविसाव्या वर्षी दोन डुकरं चोरल्याचा गुन्हा सिद्ध झाला आणि सात वर्षांची शिक्षा झाली. ‘प्रिन्स रीजंट’ जहाज त्यांना घेऊन २ जानेवारी १८४२ रोजी टास्मानियातल्या होबार्टला लागलं. १८४५ मध्ये तिकीट ऑफ लीव्ह, जानेवारी १८४८ मध्ये सुटकेचा दाखला. म्हणजे शिक्षा १८४१ च्या जानेवारीपासून मोजली तर सात वर्षांचा हिशेब तंतोतंत जुळतो. अशी जुळणी झाली की आपण धरलेला माणूस तोच आहे असा भरवसा येतो. पुढे ते समुद्र ओलांडून आजच्या व्हिक्टोरियात गेले, १८५० मध्ये मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये एलन क्विनशी लग्न केलं आणि १८६६ च्या डिसेंबरात ॲव्हेनेल या गावी वारले. त्यांच्या मृत्यूची खबर नोंदवायला गेला तो जेमतेम अकरा-बारा वर्षांचा नेड.

दोन डुकरांची चोरी आज हास्यास्पद वाटेल. पण त्या काळच्या आयरिश झोपडीत डुक्कर विकून घरभाडं भरलं जाई. चोरीला गेलेलं डुक्कर म्हणजे कुणाचं तरी वर्षभराचं छप्पर. पूर्वज हाती लागला की त्याचा गुन्हा किरकोळ ठरवण्याचा मोह वंशजांना होतो. ज्याच्या घरी चोरी झाली तोही बहुधा गरीबच होता, हे विसरलं जातं.

आयर्लंडच्या बाजूचं उरलंसुरलं

आगीतून वाचलं ते दुसऱ्या इमारतीत होतं म्हणून. डब्लिन कॅसलमध्ये राज्यकारभाराचे कागद वेगळे ठेवले जात. तिथे १८३६ पासूनची, समुद्रापार पाठवलेल्या कैद्यांची रजिस्टरं टिकली. त्याआधीची फोर कोर्ट्समध्ये जळाली. म्हणून आयरिश शोधात १८३६ हे साल सीमेसारखं उभं आहे. त्याआधी शिक्षा झालेल्या माणसाचं नाव डब्लिनमध्ये सापडायचं तर त्याने किंवा त्याच्यासाठी कुणीतरी दयेचा अर्ज केलेला असावा लागतो.

हे अर्ज मात्र सोन्याच्या मोलाचे. कैदी किंवा त्याची बायको निरक्षर असली तरी गावातला लेखनिक अर्ज लिहून देई, खाली धर्मगुरूची, जमीनदाराची, कधी खुद्द फिर्यादीची सही घेतली जाई. घरात खाणारी तोंडं किती, म्हातारी आई कुठे राहते, खटल्यात कोण खोटं बोललं, हे त्यात येतं. मागणी कधी शिक्षा कमी करण्याची असते, तर कधी बायकामुलांनाही त्याच्यामागे पाठवा अशी. भाषा लेखनिकाची आणि साचेबंद, पण त्या घराची हकीकत घरच्यांच्या बाजूने सांगणारा बहुधा हा एकच कागद.

१९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीला २०० वर्षं झाली, तेव्हा आयर्लंडच्या सरकारने यांतल्या महत्त्वाच्या कागदांच्या मायक्रोफिल्म आणि संगणकीय सूची ऑस्ट्रेलियाला भेट दिली. ही सूची आता डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट पाहता येते. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्याही आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीत गाव आणि आडनाव सांगितल्याशिवाय पान उघडत नाही, तसंच इथेही पॅरिश, म्हणजे चर्चचा इलाखा, ठाऊक असल्याशिवाय काही हाती येत नाही. ते कळायचं तर पुन्हा ऑस्ट्रेलियातला दाखला किंवा इंडेंट.

घोळ कुठे होतो

पहिला घोळ गावाचा. इंडेंटमध्ये खटल्याचं ठिकाण आणि जन्माचं ठिकाण वेगवेगळं असू शकतं. हंगामी कामाला परजिल्ह्यात गेलेला मजूर तिथेच पकडला जाई. कित्येक आयरिश माणसांना लिव्हरपूल किंवा लंडनमध्ये शिक्षा झाली. त्यांचे कागद ब्रिटनच्या दफ्तरांत मिळतात, डब्लिनमध्ये कितीही शोधलं तरी नाहीत.

दुसरा वयाचा. स्वतःचं वय नक्की ठाऊक असणारे कमीच, त्यामुळे पाच वर्षांचा फरक मनाशी धरूनच चालावं. तिसरा नावाच्या स्पेलिंगचा. कैद्याने सांगितलं आयरिश उच्चारात, लिहिलं इंग्रज कारकुनाने. एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी येतं.

चौथा फसवा. न्यू साउथ वेल्सच्या १८२८ च्या जनगणनेत प्रत्येकापुढे दर्जा दाखवणारी अक्षरं आहेत. तिथे ‘सी. एफ.’ म्हणजे स्वतःहून, मोकळा आलेला माणूस. इतर कागदांत त्याच ‘सी. एफ.’चा अर्थ सुटकेचा दाखला मिळालेला कैदी. एका गफलतीत पणजोबा गुन्हेगाराचे सज्जन होतात.

आणि काही घोळ मुद्दाम घातलेले. कैद्यांच्या मुलानातवंडांना त्या जन्माची लाज वाटे. मृत्यूच्या दाखल्यावर वसाहतीतली वर्षं कमी सांगायची, जहाजाचा विषय टाळायचा, आजोबा नाविक होते म्हणायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारं फिरलं आणि लपवलेली नावं लोक अभिमानाने वंशवृक्षात लावू लागले.

या अभिमानामागे भावनेइतकाच व्यवहारही आहे. ज्याचा पूर्वज स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आला, त्याच्या हाती बहुधा प्रवाशांच्या यादीतलं एक नाव लागतं, तेही कधीकधी फक्त आडनाव. ज्याचा पूर्वज बेड्या घालून आला, त्याला आजोबांच्या आजोबांच्या डोळ्यांचा रंग सांगता येतो. टिपरारीत मागे राहिलेल्या आणि १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात गेलेल्या प्रामाणिक शेजाऱ्याबद्दल तर कुणालाच काही सांगता येत नाही. सरकारने गरिबाची दखल घेतली ती त्याला शिक्षा करताना. म्हणून वंशावळ लिहायला बसलेला ऑस्ट्रेलियन माणूस आज घराण्यात एखादा चोर निघावा अशी मनापासून इच्छा करतो.