द्राक्षांतील अदृश्य अंश

माघ महिना लागला, कीं सांगलीच्या बाजारांत तासगांवकडील द्राक्षें येऊं लागतात. करंडी घरीं आली, कीं आजीबाई मिठाच्या पाण्याचें पातेलें पुढें ओढतात, सूनबाई घड त्यांत बुडवितात, आणि कॉलेजांत शिकणारा नातू हटकून विचारतो, "एवढ्यानें फवाऱ्याचें औषध जातें का?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर रसायनशाळेंत कसें शोधतात, हें आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

धुण्यानें धूळ आणि सालीवरचा कांहीं अंश जातो, हें खरें. पण कित्येक औषधें वेलीच्या रसांतून फळांत शिरतात, तेथें मिठाच्या पाण्याचा इलाज चालत नाहीं. हे अंश असतात तरी किती? ज्या औषधासाठीं निराळी मर्यादा ठरलेली नाहीं, त्याचा अंश किलोमागें 0.01 मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावा, असा युरोपीय संघाचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! इतकें सूक्ष्म मोजणारीं यंत्रें आज आहेत. अडचण यंत्रापाशीं नसून त्याच्या आधींच्या पायरीवर आहे. द्राक्षाच्या रसांत साखर, आम्लें, रंग आणि मेण यांची इतकी गर्दी असते, कीं तो रस तसाच यंत्रांत सोडला, तर जत्रेंत चुकलेल्या पोराची हांक जशी ऐकूं येत नाहीं, तशी त्या अंशाची गत होते. म्हणून मोजण्यापूर्वीं नमुना निवळावा लागतो.

हें निवळणें गाळण्यासारखें नव्हे. हळद सुती लुगड्यावर सांडली, तर डाग धरून बसतो. तीच कांचेवर सांडली, तर पुसून जाते. पदार्थ एकच, पण कोणत्या पृष्ठभागास तो चिकटेल, हें दोघांच्या स्वभावावर ठरतें. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं वॉर्सा येथें याच तत्त्वावर खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून पानांचा अर्क सोडला, आणि हिरवे-पिवळे रंग निरनिराळ्या पट्ट्यांत वेगळे करून दाखविले. पुढें 1978 च्या सुमारास अमेरिकेंत बोटाएवढ्या नळ्या तयार मिळूं लागल्या. त्यांत चिमूटभर भुकटी असते. नमुना ओतला, कीं हवा तो अंश भुकटीस चिकटतो, नको तें धुऊन जातें, आणि मग दुसऱ्या द्रवानें तो अंश सोडवून घेतात. पूर्वीं यासाठीं द्रवांच्या बाटल्याच्या बाटल्या आणि तासच्या तास खर्ची पडत.

सन 2003 मध्यें अनास्तासियादेस, लेहोटे व त्यांचे सहकारी यांनीं नळीसही फांटा दिला. दहा ग्रॅम फळाचा लगदा, दहा मिलिलिटर द्रव, थोडें मीठ; जोरानें हलवावें, आणि वरच्या निवळींत सिलिकेची खास भुकटी टाकावी. ती साखर व आम्लें पकडून तळाशीं बसते. या रीतीस 'कॅचर्स' म्हणतात. पुण्याजवळ मांजरी येथें 1997 सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांत डॉ. कौशिक बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2007 सालीं आपल्या द्राक्षांसाठीं इथिल ॲसिटेट वापरणारी अशीच सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. तींत भुकटी लागते अवघी पंचवीस मिलिग्रॅम.

मग सारें सुरळीत झालें काय? नाहीं. सन 2010 मध्यें महाराष्ट्रांतील द्राक्षें युरोपांत अडकलीं. त्यांत क्लोरमेक्वाट हें वाढरोधक मर्यादेबाहेर आढळलें. आमचे बागाईतदार त्यास 'सीसीसी' म्हणतात. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटींची वाढ आवरून घड धरावेत, म्हणून तें फवारीत. मर्यादा होती किलोमागें 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे वीस टनांत एक ग्रॅम. निर्यातीपूर्वीं द्राक्षें तपासलीं होतीं. पण तपासावयाच्या औषधांच्या यादींत हें नांवच नव्हतें. शिवाय हें द्रव्य पाण्याचें सोबती. इथिल ॲसिटेटमध्यें तें उतरत नाहीं. त्यास निराळा द्रव आणि निराळी रीत लागते. ज्यानें कर्ज काढून वर्षभर वेल जपला, त्याचा माल परक्या बंदरांत पडून राहिला. त्या वेळीं यंत्र खोटें बोललें नव्हतें. त्यास तो प्रश्नच विचारला गेला नव्हता.

सातारा जिल्ह्यांतील महाबळेश्वर-पांचगणीच्या स्ट्रॉबेरीची तऱ्हा याहून वेगळी. तिचा लाल रंग काढावयास कोळशाची भुकटी चांगली; पण चपट्या घडणीचीं कांहीं औषधेंही त्या कोळशास चिकटतात. रंगाबरोबर पुरावाही नाहींसा होतो! म्हणून किती निवळावें आणि कोठें थांबावें, हें फळागणिक ठरवावें लागतें.

आतां त्या नातवाच्या प्रश्नाकडे वळूं. युरोपास जाणाऱ्या द्राक्षांस तपासणीचा दाखला लागतो. आपल्या पातेल्यांतील घडास तसा दाखला कोणी मागत नाहीं. त्यांतून बेदाणा करतांना सुमारें चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो, तेव्हां उरलेला अंशही दाट होऊं शकतो. फळें वाहत्या पाण्यांत चोळून धुवावींत, हें आमचें सांगणें आहेच. घाबरून द्राक्षें सोडावींत, असें मात्र आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. पण जी दक्षता परदेशच्या ताटासाठीं घेतली जाते, ती आपल्या मुलांच्या ताटासाठींही घेतली जावी, ही मागणी सुशिक्षित कुटुंबांनीं केली पाहिजे. आणि कोणी दाखला पुढें केला, तर त्यास नम्रपणें विचारावें, "यांत काय काय शोधलें होतें?"