सोळा वॉटचा हिशेब : यशवंतसागराच्या काठावरील एका वस्तीचे सौर जाळे

उजनी धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. त्याच धरणाच्या फुगवट्यालगत, करमाळा तालुक्याच्या अंगाला, मासेमारीवर जगणाऱ्या कित्येक वस्त्यांत मात्र विजेचा खांब नाही. यात कोणाची केवळ उदासीनताच आहे असे आम्ही म्हणणार नाही. यशवंतसागराचे पाणी पावसाळ्यानंतर माळापर्यंत चढते आणि उन्हाळ्यात दूरवर ओसरते. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते आणि होड्यांच्या मागोमाग झोपड्याही खाली सरकतात. जी वस्ती वर्षातून दोनदा जागा बदलते, तिच्यासाठी खांब रोवायचा तरी कोठे, हा प्रश्न खराच आहे. बाबासाहेबांनी 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याबरोबर वीज व पाटबंधारे यांचाही विचार वाहिला होता, हे आपल्या शाळेत आम्ही शिकलो. त्या धड्याची आठवण या काठावर आल्यावर हटकून होते.

अशाच एका वस्तीतील काही मुले आपल्या वसतिगृहात राहतात. मोबाईलचा संदेश तेथे धड पोहोचत नाही. पालकांशी बोलायचे तर त्यांनी माळावर चढून हात उंच करून उभे राहायचे, ही रीत अनेक वर्षे चालली. म्हणून आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेच्या गच्चीवरून पाण्यापलीकडील माळावर बिनतारी दुवा टाकला. अंतर सुमारे सात किलोमीटर. दुवा जुळवणे दोन दिवसांचे काम ठरले. तो चोवीस तास जिवंत ठेवणे मात्र आम्हाला दोन पावसाळे जमले नाही. स्मरणिकेसाठी लिहा असे सांगण्यात आले तेव्हा त्या फसलेल्या पावसाळ्यांविषयीच लिहावे असे आम्ही ठरवले. कारण आपले पालक व माजी विद्यार्थी आपापल्या शेतावर, वस्तीवर, विहिरीवरील कॅमेऱ्यासाठी हेच काम करू पाहत आहेत आणि आमच्याच चुका पुन्हा करीत आहेत.

माळावरील सामान अगदी थोडे आहे. शाळेकडे तोंड करून असलेला एक रेडिओ, वस्तीला वाय-फाय देणारा दुसरा रेडिओ आणि दोहोंना जोडणारा एक लहान राउटर. प्रत्येक रेडिओ सहा वॉट घेतो, राउटर चार. एकूण सोळा वॉट. घरातील छताचा पंखा याच्या तिप्पट-चौपट वीज खातो. साहजिकच आम्हाला वाटले की यात हिशेब तो कसला करायचा! अडीचशे वॉटचे पॅनेल, 150 अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी आणि घरोघरी असतो तसा एक इन्व्हर्टर आणला, उपकरणांसोबत आलेले ॲडॅप्टर त्यात खोचले आणि पेटीला कुलूप लावले. मार्च ते मे सर्व सुरळीत चालले. जुलैत तिसऱ्या-चौथ्या ढगाळ दिवशी दुवा मेला.

चूक कोठे होती? पॅनेल देते ती एकदिश वीज. बॅटरीत साठते तीही एकदिश. रेडिओ आणि राउटर वापरतात तीही एकदिशच. मधल्या मध्ये आम्ही तिला 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत बदलत होतो आणि लगेच ॲडॅप्टरमधून पुन्हा मागे आणत होतो. करमाळ्याहून जेऊरला जायचे असताना आधी सोलापूर गाठावे, तसा हा प्रवास. ॲडॅप्टरमध्ये पाचवा हिस्सा उष्णतेत जातो. म्हणजे सोळाचे वीस वॉट झाले. इन्व्हर्टर त्यावर आपला दहावा हिस्सा घेतो, झाले बावीस. आणि खरा चोर याच्याही पुढे आहे: पाचसहाशे वॉटच्या भारासाठी बनवलेला इन्व्हर्टर काहीही न चालवता, नुसता जागा राहण्यासाठीच दहा-बारा वॉट घेत राहतो. सोळा वॉटच्या कामासाठी बॅटरीतून चौतीस वॉट जात होते. दिवसाचा खर्च सुमारे 820 वॉट-तास. पावसाळ्यात आपल्या भागात दिवसाला तीन तासांइतकेच पूर्ण ऊन मिळेल असे सावधपणे धरावे, आणि उष्णता, धूळ व बॅटरी भरताना होणारी गळती यांसाठी तीस टक्के वजा करावेत. मग अडीचशे वॉटचे पॅनेल 525 वॉट-तास देते. रोज तीनशेची तूट.

ही तूट बॅटरी किती दिवस भरून काढील? येथे उजनीचेच उदाहरण घेणे सर्वांत सोयीचे. धरणाची एकूण साठवण सुमारे 117 अब्ज घनफूट असली तरी त्यातील सुमारे 63 अब्ज घनफूट मृतसाठा आहे. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत उजनी ‘वजा’ टक्क्यांत गेल्याची बातमी येते आणि बाहेरगावच्या माणसाला तिचा अर्थ लागत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीचेही नेमके असेच आहे. वरचा अर्धा साठा उपयुक्त, खालचा अर्धा मृत. फरक एवढाच की धरण वजात गेले तरी पुढच्या पावसात पुन्हा भरते; बॅटरी वारंवार वजात गेली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि तिची साठवण कायमची आक्रसते. 150 अँपिअर-तास गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 1800 वॉट-तास. त्यांतले वापरण्याजोगे नऊशे. रोज तीनशेची तूट असेल तर तीन दिवस. आमचा दुवा ज्या दिवशी मरत होता, त्याच दिवशी तो मरायला हवा होता! हे गणित आम्ही आधी मांडले असते तर आठवीच्या विद्यार्थ्यानेही ते सोडवून दिले असते.

आम्ही ते मांडले नाही. त्याऐवजी घड्याळाची कळ बसवली आणि रात्री अकरा ते पहाटे पाच सर्व बंद ठेवले. रात्री कोण बोलणार, असा आमचा युक्तिवाद होता. पुढच्या पावसाळ्यात वस्तीवरील एका तरुणाला रात्री एकच्या सुमारास जाळी आवरताना घोणस चावली. दुवा चालू असता तर वसतिगृहाच्या अधीक्षकांना फोन गेला असता आणि त्यांनी 108 ची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत बोलावली असती. दुवा बंद होता. दोघे जण चिखलातून मोटारसायकल ढकलीत फाट्यावर आले तेव्हा तासाहून अधिक वेळ गेला होता. तो तरुण वाचला. पायाचे दुखणे पुष्कळ दिवस राहिले. त्याचे वडील आम्हाला रागाने काही बोलले नाहीत. “रात्री बंद असतं हे आम्हाला सांगितलं असतं, तर पोराला आधीच होडीत घातलं असतं,” एवढेच म्हणाले.

त्यानंतर घड्याळ काढले आणि इन्व्हर्टरही काढला. बॅटरीच्या 12 व्होल्टचे रेडिओला लागणारे 24 व्होल्ट करणारा एक लहान परिवर्तक आणि राउटरसाठी स्थिर 12 व्होल्ट देणारा दुसरा, एवढेच त्यांच्या जागी आले. या परिवर्तकांत आठ टक्क्यांच्या आसपास वीज जाते. म्हणजे सोळाचे साडेसतरा वॉट, दिवसाला सुमारे 418 वॉट-तास. तेच पॅनेल, तीच बॅटरी. पावसाळ्यातील 525 वॉट-तासांत आता खर्च भागून थोडे उरते, आणि ऊन मुळीच पडले नाही तरी दोन दिवस निभतात. पॅनेल वाढवा, दुसरी बॅटरी घ्या, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. तो ऐकला असता तर दुप्पट पैसे घालून तीच गळती आम्ही जपली असती.

चार्ज कंट्रोलरविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण काठावरच्या गावांत हा घोटाळा आम्ही वारंवार पाहतो. घराच्या छतावरून किंवा सौरपंपावरून उरलेले पॅनेल स्वस्तात मिळते आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडले जाते. असे साठ घटांचे पॅनेल तीस व्होल्टच्या आसपास काम करते. साधा, ‘पीडब्ल्यूएम’ जातीचा कंट्रोलर त्याला ओढून बॅटरीच्या तेरा व्होल्टवर आणतो. विद्युतप्रवाह तेवढाच राहतो आणि निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते. ‘एमपीपीटी’ कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टचे प्रवाहात रूपांतर करतो. तो महाग पडतो म्हणून आम्हीही कुरकुरलो होतो. आमच्यातील एकाने हट्ट धरला म्हणून वाचलो.

पॅनेलचा कल हा आमच्यात वादाचा विषय ठरला. पुस्तकी नियम सांगतो की आपला अक्षांश सुमारे अठरा, तेव्हा दक्षिणेकडे अठरा अंशांचा कल द्यावा. वर्षभराची वीज मोजायची असेल तर ते बरोबर आहे. पण आपल्याला वर्ष मोजायचे नसून जुलै-ऑगस्ट निभावायचे आहेत आणि तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. आम्ही कल बारा अंशांवर आणला. त्याहून कमी केला तर पावसाचे पाणी धूळ वाहून नेत नाही. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून येणारी काजळी, आणि पाणकावळे-बगळ्यांची विष्ठा, यांसाठी दर पंधरवड्याला ओले फडके फिरवावे लागतेच. रोहित पक्षी भिगवणच्या बाजूला पाहुण्यांसाठी शोभून दिसतात; आमच्या पॅनेलवर बसतात ते हे काळे-पांढरे शेजारी. बॅटरीची पेटी पॅनेलच्या सावलीत आणि पांढऱ्या रंगात हवी; तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते असा ठोकताळा आहे आणि सोलापूरच्या मे महिन्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

दूरच्या जागी बिनतारी जाळे सौरऊर्जेवर चालवण्यात आपण काही पहिले नाही. जानेवारी 2005 मध्ये केंद्र सरकारने वाय-फायच्या लहरी घराबाहेरील वापरासाठी परवानामुक्त केल्या आणि त्याच वर्षी धरमशाला येथे तिबेटी निर्वासितांच्या वसाहती, शाळा व विहार यांना जोडणारे जाळे उभे राहिले. पुढे ‘एअरजल्दी’ या नावाने ते ओळखले गेले. त्यांची काही केंद्रे सौरऊर्जेवर चालत आणि माकडे लोंबकळली तरी मोडणार नाहीत अशा अँटेना त्यांना निवडाव्या लागल्या. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून खेड्यांत इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. 2017 साली मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पुरस्कारही मिळाला. आमचे काम यापुढे फारच लहान आहे. आमच्याकडे माकडे नाहीत, पण फोन आहेत. पेटीत वीज आहे हे कळताच वस्तीवरील सर्वांचे फोन तिला लागू लागले. एक फोन पूर्ण भरायला पंधरा ते वीस वॉट-तास लागतात. दहा फोन म्हणजे दीडशे-दोनशे, आमच्या रोजच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत. मनाई करणे आम्हाला पटले नाही. उजेडात बॅटरी भरली की पॅनेलची उरलेली वीज तशीही फुकट जाते. तेव्हा फोनची पट्टी स्वतंत्र कळीवर घेतली. बॅटरी पूर्ण भरली तरच ती सुरू होते, म्हणजे बहुधा दुपारी अकरानंतर. आणि बॅटरी 12.1 व्होल्टपर्यंत उतरू लागली की सर्वांत आधी ही पट्टी तुटते, मग वस्तीवरचा दिवा. रेडिओ सर्वांत शेवटी.

आता एकच काम उरले आहे. फेब्रुवारी सरला की पाणी ओसरते, वस्ती जवळजवळ एक किलोमीटर खाली सरकते आणि माळावरचे वाय-फाय तेथपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी वस्तीबरोबर फिरणारा पाच वॉटचा एक रेडिओ बसवावयाचा आहे. दिवसाला 120 वॉट-तास; पावसाळ्याच्या हिशेबाने त्याला साठ वॉटचे पॅनेल लागले असते, पण तो केवळ मार्च ते जूनच्या आरंभापर्यंत चालणार, आणि तेव्हा सहा तासांचे ऊन धरता येते. चाळीस वॉटचे पॅनेल आणि तीस अँपिअर-तासांची बॅटरी पुरेल, आणि दोन्ही मिळून एका माणसाला खांद्यावरून नेता येतील. पाऊस लागला की ते उचलून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवायचे, असे ठरले आहे.