नावातच नकार

मराठी मुलखात मुलांना ओबडधोबड नावे ठेवण्याची चाल जुनी आहे. आधीची दोन-तीन पोरे जगली नाहीत, की पुढच्याचे नाव धोंडू, दगडू, कचरू, केरू असे काहीतरी ठेवत. नाव जितके टाकाऊ, तितकी काळाची नजर त्याच्यावरून घसरून पुढे जाईल, अशी समजूत. कुठे बाळ दुसरीच्या ओटीत घालून पसाभर धान्याच्या बदल्यात परत घेत आणि त्याला भिकू म्हणत. कुठे मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालत आणि तो नथू होई. या सगळ्या नावांत एकच विनवणी असे: हे पोर जगू दे.

नकुशी हे नाव ऐकायला त्याच पंगतीतले वाटते, पण त्यातले मागणे वेगळे आहे. मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली, तर तिला नकुशी, नकोशी किंवा नकुसा म्हणायचे, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी श्रद्धा. धोंडूचे नाव धोंडूसाठी होते. नकुशीचे नाव तिच्यासाठी नसते, ते अजून जन्माला न आलेल्या भावासाठी असते.

दोन्हींत आणखी एक फरक आहे, आणि तोच मुलीच्या आयुष्याला जाऊन भिडतो. धोंडू या नावातला दगड केव्हाच झिजला. महर्षी धोंडो केशव कर्वे १०४ वर्षे जगले, मुलींच्या शिक्षणाचा डोंगर उभा करून गेले. त्यांचे नाव घेताना कुणाच्या डोळ्यांपुढे धोंडा येत नाही. ‘नको’ हा शब्द मात्र रोजच्या वापरातला आहे. भाजी नको, चहा नको, आज शाळा नको. त्यामुळे हजेरीत नाव पुकारले, की पहिलीतल्या मुलांनाही त्याचा अर्थ कळतो. तो समजावून सांगावा लागत नाही, आणि चिडवायला दुसरे काही शोधावे लागत नाही.

घाव एकटीवर बसत नाही. लेकीला जेवायला हाक मारताना आई दर वेळी गल्लीभर सांगत असते, की आपल्याला मुलगा झाला नव्हता. खरे तर मूल मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. पण बोल लागतो आईला, आणि नावाच्या रूपाने तो घरात कायमचा राहतो.

सातारा जिल्ह्यात अशा मुली किती आहेत, हे २०११ मध्ये प्रशासनाने शोधले. सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव नायगाव याच जिल्ह्यात आहे, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली भरल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. गर्भलिंग चाचणीला आवर घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला होता. तरी हा आकडा खाली गेला.

२०११ च्याच ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात या मुलींसाठी एक समारंभ झाला. ठेवणीतले कपडे, वेण्या, रंगीत पिना अशा थाटात आलेल्या २८५ मुलींना नव्या नावांची प्रमाणपत्रे आणि फुले देण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. बारशाला नाव कानात सांगतात तेव्हा बाळाला त्यातले काही कळत नाही. इथे कित्येकींनी आपले नाव जाणत्या वयात घेतले. ते सिनेतारकेचे असो की देवीचे, निवड तिची होती, ही गोष्ट फार मोलाची आहे.

त्यांच्या आधीच्या पिढ्यांतल्या नकुशींची सुटका झाली असेल तर ती बहुधा लग्नात. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहायची रीत. याच रीतीने कल्याणची यमुना आनंदीबाई जोशी झाली आणि पुढे डॉक्टर झाली. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आलेली दुसरी एक यमुना रमाबाई झाली. चांगलेसे माहेरचे नाव असे पुसले जाणे कुणाला सलतही असेल. नकुशीसाठी मात्र ते तांदूळ दुसरे बारसे ठरत. पण तिथेही नाव निवडणारा हात दुसऱ्याचाच असे.

ही चाल एकट्या महाराष्ट्राची नाही. हरियाणात मुलीला भतेरी म्हणतात, म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’. हिसार जिल्ह्यातल्या एका घरात मुलींमागून मुली झाल्या, तेव्हा ही शेवटची ठरो म्हणून तिचे नाव अंतिम ठेवले. ती अंतिम पंघाल २०२२ मध्ये वीस वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय मुलगी ठरली, आणि पुढच्या वर्षी तिने ते सुवर्णपदक पुन्हा मिळवले. तिचे उदाहरण देऊन नावाने काही अडत नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण तिच्या कुस्तीसाठी घरच्यांनी गाव सोडून हिसार गाठले होते. नाव ठेवताना जे म्हटले, ते त्यांनी तिला वाढवताना खोडून काढले. प्रत्येक नकुशीच्या वाट्याला असे घर येत नाही.

समारंभाने नाव बदलते ते एका कागदावर. पुढे शाळेची नोंदवही, रेशनकार्ड, आधार, राजपत्र असा प्रवास असतो, आणि तो पुरा झाला नाही तर दोन नावांची मुलगी प्रत्येक खिडकीपाशी अडते. गावाची जीभ तर त्याहून हळू वळते.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाच्या सरकारी नोंदीत त्याच्या नावानंतर आधी आईचे नाव येते, मग वडिलांचे, मग आडनाव. साताऱ्याच्या त्या समारंभात जी पंधरा वर्षांची होती, ती आता तिशीच्या उंबरठ्यावर आहे. तिच्या बाळाच्या जन्मदाखल्यावर दुसऱ्या जागी जे नाव छापले जाईल, ते तिने २०११ मध्ये घेतलेले असावे.