कसारा स्थानक : घाटाच्या पायथ्याशी

बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास आली. लोहमार्ग १ मे १८५४ रोजी कल्याणला आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदला पोहोचला. पुढील डोंगराळ मुलखाने मात्र त्याची गती मंदावली. १ जानेवारी १८६१ रोजी तो कसाऱ्यापर्यंत आला. तेथून थळ घाट चढून इगतपुरी गाठण्यास आणखी चार वर्षे, म्हणजे १ जानेवारी १८६५ हा दिवस उजाडावा लागला.

कसाऱ्याचे महत्त्व या चढणीत आहे. घाटात दर ३७ फुटांना मार्ग एक फूट उंचावतो. म्हणून घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्या येथे थांबतात. त्यांना मागून रेटा देणारी 'बँकर' इंजिने जोडली जातात आणि मगच गाडी पुढे निघते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने हा मार्ग टाकला तो वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात आणण्यासाठी. वाटेवरील पाड्यांची सोय हा तिचा हेतू नव्हता. तरीही तिकीट घेणाऱ्या कोणाही माणसाला गाडीत जागा मिळू लागली, ही गोष्ट जातिबद्ध समाजात लहान नव्हती. परंतु स्थानकाबाहेरचा समाज तोच राहिला. १९०१ साली बालवयातील बाबासाहेब भावंडांसह वडिलांना भेटण्यास निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. त्यांची जात कळताच त्यांना कोणी बैलगाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर ती मिळाली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. रेल्वे गावाजवळ आणते. गावात प्रवेश देण्याचे काम समाजाचे असते.

आज कसारा हे मध्य रेल्वेच्या उपनगरीय सेवेचे ईशान्येकडील शेवटचे स्थानक आहे. मुंबईपासून ते सुमारे १२१ किलोमीटरवर आहे. नाशिककडे जाणारे अनेक प्रवासी येथे लोकलमधून उतरून जीपने घाट चढतात. विहीगाव-खोडाळ्याकडील आदिवासी पाड्यांनाही हेच स्थानक जवळचे. मात्र कल्याणपलीकडे लोकल मोजक्या आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्याही त्याच रुळांवरून धावत असल्याने लोकल वारंवार खोळंबतात. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम हाती घेण्यात आले आहे, ते याचसाठी.

मुंबईकराची एक लोकल चुकली तर काही मिनिटे वाया जातात. खर्डी किंवा कसाऱ्याच्या विद्यार्थ्याची चुकली तर महाविद्यालयातील तास, कधी परीक्षाही हातची जाते. रात्रीच्या शेवटच्या गाडीवर मुलीने पुढे शिकावे की नाही याचा घरातील निर्णय अवलंबून असतो. म्हणून ग्रामीण स्थानकाचे वेळापत्रक हा शिक्षणाचाही प्रश्न आहे. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी प्रवासी संघटनांमधून तो हक्काने, संघटितपणे मांडला पाहिजे.