फोटो माझा, काँप्युटर कुणाचा?

‘‘ताई, आमच्या पोरीचा त्यो झेप घेतल्याला फोटू हाय का वो तुमच्याकडं?’’

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. दारात खो-खोच्या संघातल्या एका मुलीची आई उभी होती. शेतावरून थेट आलेली, पायाला अजून माती. मे महिन्यात पोरीचं लग्न झालं. अठरा पूर्ण झाली, बारावी झाली आणि स्थळ आलं. ‘‘खेळनं सुटलं आता तिचं. निदान फोटू तरी भिंतीला लावते,’’ असं म्हणत ती ओट्यावर टेकली. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि गॅसजवळ नुसतीच उभी राहिले. कारण तो फोटो मी काढला होता, पण माझ्याकडे नव्हता. चारच दिवसांपूर्वी आमचा काँप्युटर बंद पडला होता, आणि माझे दीड वर्षाचे सगळे फोटो त्याच्या पोटात होते.

सुरुवातीपासून सांगते. आम्ही इंदापूर तालुक्यातले, उजनीच्या पाण्याजवळचे. मुलगा पुण्यात नोकरीला लागला तेव्हा त्याने हौसेनं मोठा डिजिटल कॅमेरा घेतला, लांबची लेन्सही घेतली. वर्षभर मिरवला. मग मोबाइलचे कॅमेरे चांगले झाले आणि हे धूड आमच्या कपाटात आलं. २०२१ च्या दिवाळीत साफसफाई करताना माझ्या हाताला लागलं. ‘‘विकून टाकू या का?’’ ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘राहू द्या. बघते मी.’’

त्या थंडीत बचत गटाच्या मैत्रिणींबरोबर भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो. आयुष्य या पाण्याच्या काठी गेलं, पण होडीत बसून पक्षी बघायला कधी गेले नव्हते. बाकीच्या डबे उघडून बसल्या होत्या आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावून. समोर रोहित पक्ष्यांचा थवा, उथळ पाण्यात माना खाली घालून चरत होता. हा पक्षी एकदम उडत नाही. आधी पाण्यावरून धावत सुटतो, लांब पाय टाकत, आणि मग वर उठतो. पंख उघडले की आतला लालभडक रंग दिसतो. मी पन्नास-साठ फोटो काढले. घरी येऊन बघते तर सगळे धुरकट! लाल रेघा नुसत्या.

मग कळलं, की उडता पक्षी पकडायचा तर कॅमेऱ्याची पापणी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उघडायला हवी. ऊन पाठीमागून हवं, म्हणजे सकाळी लवकर निघायला हवं. आणि फोटोसाठी होडी थव्यात घालून पक्षी उठवायचे नाहीत. ते इतक्या लांबून इथे खायला येतात, आपल्यासाठी उडून दाखवायला नाही! होडी लांब थांबवायची आणि वाट बघायची. दूध उतू जायची वाट बघण्यात आपला जन्म जातो, ही वाट काय अवघड?

शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी माझे रोहित पाहिले आणि म्हणाले, ‘‘वहिनी, एकदा मैदानावर या की. आमच्या मुलींचे फोटो कुणीच काढत नाही.’’ खरंच होतं ते. मोठ्या स्पर्धांना कॅमेरे असतात, तालुक्याच्या मैदानावर कोण येणार? पुढे १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. सगळ्या देशाने तो सामना पाहिला. पण अशा मुली घडतात त्या तालुक्याच्या धुळीत, आणि त्या धुळीतला त्यांचा एक फोटो त्यांच्या घरी नसतो.

खो-खोचा फोटो म्हणजे रोहितापेक्षा अवघड वाटला मला आधी. पण खेळाचा नियम ध्यानात घेतला की सोपं होतं. खो मिळालेल्या मुलीने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत तिला उलटं फिरता येत नाही. म्हणजे झेप कुठे पडायची शक्यता जास्त? खांबापाशी! मग मी खांबाच्या रेषेत जमिनीवर मांडी घालून बसायचे, कॅमेरा आधीच खांबावर रोखून ठेवायचे आणि बटण दाबून धरायचे. सेकंदाला पाच-सहा फोटो निघतात, त्यातला एखादा लागतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याच्या स्पर्धेत असाच एक लागला. ती मुलगी जमिनीला समांतर, एक हात खांबाला, दुसरा पळणाऱ्या मुलीच्या पाठीला टेकतोय. मोबाइलवर तो फोटो बघून अख्खा संघ ओरडला होता. तोच हा ‘झेप घेतल्याला फोटू’.

आता काँप्युटरचं. कॅमेरा मी शिकले, पण काँप्युटर मुलाचा होता. त्यानेच जोडून दिलेला. कार्ड घालायचं, या खिडकीतून त्या खिडकीत फोटो ओढायचे, कार्ड पुसून परत कॅमेऱ्यात टाकायचं, एवढंच मला माहीत. ‘‘बाकी कशाला हात लावू नकोस आई, काही झालं तर मी रविवारी येऊन बघीन.’’ प्रेमानेच म्हणायचा. आणि मलाही ते बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू? एका सकाळी दीड-पावणेदोन हजार फोटो निघायचे. एकेक आठ-नऊ एमबीचा. एका सहलीत सोळा जीबीचं कार्ड भरायचं. हे सगळं एकाच हार्डडिस्कवर, एकाच प्रतीत साठत होतं आणि मी निवांत होते.

एके दिवशी डब्यातून कट्... कट्... असा आवाज यायला लागला. पंखा असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी पडदा काळा. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘काकू, हार्डडिस्क गेली.’’ कुठे गेली? त्याने समजावलं. आत ग्रामोफोनसारखी तबकडी असते, मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर एक सुई तरंगते. ती सुई बिघडली. डेटा काढून देणारे लोक मोठ्या शहरात आहेत, पण खर्च पंधरा-वीस हजारांच्या घरात आणि खात्री नाही. आवाज यायला लागला तेव्हाच बंद केला असता तर काही तरी हाती लागलं असतं, म्हणाला.

मुलाला फोन केला. तो हळहळला. मग म्हणाला, ‘‘जाऊ दे आई, फोटोच होते ना?’’ फोटोच होते! मी फोन ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की दीड वर्ष मी ज्याला ‘माझं काम’ म्हणत होते, ते ठेवलेलं मात्र दुसऱ्याच्या कपाटात होतं, आणि किल्ली कुठली हेही मी कधी विचारलं नव्हतं.

त्या आईला मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या मग.’’ चहा घेऊन गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

रात्री सुनेचा फोन आला. ‘‘आई, तुमचं जुनं कार्ड कुठे आहे? छोटं, सोळा जीबीचं?’’ ते शिलाई मशिनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डबीत होतं. जानेवारीत मोठं कार्ड घेतल्यापासून तिथेच. ‘‘पण ते पुसलेलं आहे गं,’’ मी म्हटलं. तेव्हा तिने जे सांगितलं ते मला मुलाने कधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. कॅमेऱ्यात कार्ड पुसतो तेव्हा बहुतेक वेळा फोटो पुसले जात नाहीत, फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. पुस्तकाचं पहिलं पान फाडल्यासारखं. धडे आत तसेच असतात, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून चुकून फोटो पुसले गेले तर पहिली गोष्ट म्हणजे कार्ड बाहेर काढायचं आणि त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही.

काँप्युटरला नवीन डिस्क बसवून आणली होती. सुनेने फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर मी स्वतः उतरवून घेतलं. काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं. घाबरले होते. सापडलेले फोटो त्याच कार्डावर ठेवायचे नाहीत, दुसरीकडे ठेवायचे, हे तिने तीनदा बजावलं. साडेअकराला सुरू केलं. आकडा वाढत गेला, शंभर, चारशे, हजार... नावं सगळी गेलेली, नुसते आकडे. काही फोटो अर्धे राखाडी. आधी जानेवारीतलं हळदी-कुंकू निघालं. ते जिल्हा स्पर्धेच्या पहिल्या सामन्यावर बसलं होतं. म्हणजे तो फोटो गेला तो गेलाच.

पण दुसरा सामना आत होता. त्यात त्याच मुलीची आणखी एक झेप. चेहरा थोडा हललेला, म्हणून निवडताना मी तो बाद केला होता, काँप्युटरवरूनही काढून टाकला होता. रात्री दीड वाजता मी ह्यांना उठवून तो दाखवला.

होमाई व्यारावाला आठवल्या त्या रात्री. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. तेव्हा बाईच्या फोटोवर नाव दुसऱ्याचं असायचं. आता नाव आपलं असतं, पण फोटो उतरवणं, निवडणं, जपून ठेवणं हे आपण कुणाच्या तरी रविवारवर सोडतो. होमाईंच्या काळी फोटो अंधाऱ्या खोलीत घडायचा. आज ती खोली म्हणजे काँप्युटर. तिच्या दारातूनच परत फिरलं तर निम्मं काम अर्धवट राहतं.

मी त्यानंतर जे शिकले ते वहीत लिहून ठेवलंय. तुमच्या उपयोगी पडेल.

तीन-दोन-एक. हा नियम पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरमुळे रूढ झाला. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक प्रत काँप्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी डिस्क बहिणीकडे अकलूजला. दर सणाला जाते तेव्हा अदलाबदल. लोणच्याच्या बरणीबरोबर!

कार्ड लगेच पुसू नका. दोन ठिकाणी उतरलंय हे उघडून बघा, मगच पुसा.

फोल्डरला नाव देताना वर्ष आधी लिहा, मग महिना, दिवस आणि ठिकाण. आपोआप ओळीने लागतात. कॅमेऱ्याचं घड्याळही बरोबर लावा. फोटोची तारीख त्याच्या पोटात असते, नाव गेलं तरी ती राहते.

मोबाइल ॲपच्या भरवशावर सगळं सोडू नका. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. फुकट मिळते ती १५ जीबी, तीही ई-मेलसह.

सॉफ्टवेअर विकतच घ्यावं लागतं असं नाही. फोटो लावायला डिजिकॅम आणि उजळवायला डार्कटेबल, दोन्ही फुकट आहेत.

कट् कट् आवाज आला तर ताबडतोब बंद करा. बघू उद्या, म्हणू नका.

तो फोटो मी मोठा करून, चौकटीत घालून त्यांच्या घरी नेऊन दिला. ‘‘चेहरा जरा हललाय,’’ मी आधीच सांगून टाकलं. तिने पदराने काच पुसली, बराच वेळ बघितलं. मग नवऱ्याला हाक मारून म्हणाली, ‘‘बघा की वो, पोरीचा एकबी पाय भुईला न्हाई.’’

मुलगा अजून रविवारी फोन करतो. ‘‘आई, काँप्युटर ठीक आहे ना?’’ मी म्हणते, ‘‘माझा ठीक आहे. तू तुझ्या फोटोंच्या किती प्रती ठेवल्यास ते सांग.’’ पलीकडे शांतता!

मैत्रिणींनो, तुमच्या घरचे फोटो, तुम्ही काढलेले फोटो, नेमके कुठे आहेत? घरात कुणाला विचारू नका. आज कामं आटोपली की स्वतः बसून बघा.