‘फोटो क्लाउडवर आहेत’ म्हणजे नक्की काय?

क्लाउड स्टोरेज कुठलं घ्यावं, असं कुणी विचारलं की उत्तर बहुधा आकड्यांत मिळतं. मेगा २० जीबी फुकट देतं, गूगल १५, अ‍ॅपलचं आयक्लाउड आणि मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ५-५, ड्रॉपबॉक्स २. तुलना तिथेच संपते आणि बहुतेक जण गूगलवर थांबतात, कारण अँड्रॉइड फोन घेतानाच ते खातं उघडलेलं असतं. पण मुलांचे लहानपणचे फोटो, स्कॅन करून ठेवलेली घराची कागदपत्रं, आजीच्या आवाजातल्या ओव्या अशा गोष्टी ज्यांच्या हातून गेल्या, त्यांच्या त्या सहसा जीबी कमी पडल्यामुळे गेलेल्या नसतात. म्हणून मला आधी विचारावासा वाटणारा प्रश्न वेगळा आहे. चुकून डिलीट झालं, पैसे भरायचे राहिले, खातं बंद पडलं किंवा खातेदारच गेला, तर पुढे काय होतं? या सेवांमधला खरा फरक तिथे कळतो आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच आहेत.

‘फोटो क्लाउडवर गेलेत, आता फोनमधले उडवले तरी चालतील’

सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

फोन भरतो. गूगल फोटोज उघडलं की प्रत्येक फोटोचा बॅकअप झालेला दिसतो. मग माणूस निर्धास्तपणे त्याच अ‍ॅपमध्ये पाचशे फोटो निवडतो आणि डिलीट दाबतो. फोनमधले फोटो तर जातातच, पण क्लाउडवरचेही जातात. त्या अ‍ॅपमधलं साधं डिलीट दोन्हीकडे लागू होतं. बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतात आणि नंतर कायमचे पुसले जातात. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. क्लाउडवर पोहोचलेल्या फोटोंची फोनमधली प्रत तो काढतो आणि क्लाउडवरची तशीच ठेवतो. एकाच अ‍ॅपमधल्या या दोन बटणांचा परिणाम एकमेकांच्या अगदी उलट आहे. घरातल्या ज्येष्ठांना फोन शिकवताना मी आधी हे दाखवीन, बाकीचं नंतर.

आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर एका उपकरणावर पुसलेला फोटो सगळीकडून जातो. ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये तो ३० दिवस सापडतो. शिवाय ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर फोनला जागा कमी पडू लागताच मूळ फोटो आयक्लाउडवरच राहतात आणि फोनमध्ये त्यांच्या लहान प्रती उरतात. म्हणजे फोन हातात असला, तरी खरा फोटो हातात असतोच असं नाही.

संगणकावरही हीच कथा. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा बॅकअप चालू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये जाऊन बसतात. ५ जीबी भरल्याची सूचना आली म्हणून कुणी वेबसाइटवर जाऊन तिथल्या फायली साफ केल्या, तर डेस्कटॉपही रिकामा होतो.

याला म्हणतात सिंक. एका ठिकाणी जे घडेल ते सगळीकडे घडवायचं, हे त्याचं काम आहे आणि ते काम तो चोख करतो. चूकही तितक्याच चोखपणे पोहोचवतो. एखादी फाइल खराब झाली किंवा व्हायरसने कुलूपबंद केली, तर तीच आवृत्ती क्लाउडवर चढते. बॅकअप म्हणजे मूळ फाइलला काहीही झालं तरी जिला धक्का लागत नाही अशी वेगळी प्रत. तेव्हा सेवा निवडताना जुनी आवृत्ती किती दिवस परत मिळते ते आधी बघा. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यात पुसलेल्या फायली आणि जुन्या आवृत्त्या ३० दिवस मिळतात. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशची मुदतही ३० दिवसांचीच. म्हणजे दिवाळीला झालेली चूक संक्रांतीला लक्षात आली, तर इलाज नाही.

एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर एक प्रत घरी हवीच, ती यासाठी. ही डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवू नये. प्रत काढली की सोडवून कपाटात ठेवावी, आणि अधूनमधून जोडून फायली उघडतात ना, हे बघावं. पेन ड्राइव्ह या कामाला नको.

‘१५ जीबी म्हणजे फोटोंसाठी १५ जीबी’

गूगलचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत वाटलेले आहेत. १ जून २०२१ पूर्वी ‘हाय क्वालिटी’ म्हणून चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नव्हते, आणि पुष्कळांच्या डोक्यात अजून तेच दिवस आहेत. त्या तारखेपासून चढवलेला प्रत्येक फोटो मोजला जातो. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही काही वर्षं या मोजमापातून वगळलेला होता. २०२४ पासून तोही मोजला जातो. सोसायटीच्या आणि भावकीच्या ग्रुपवर आलेले शुभ सकाळचे व्हिडिओ आता तुमच्याच १५ जीबीतली जागा खातात.

जागा संपली की फक्त फोटो चढायचे थांबतील, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात जीमेलवर नवे मेल येणंही बंद होतं. बँकेचं स्टेटमेंट, कॉलेजच्या प्रवेशाची सूचना, नोकरीचं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. खातं सतत दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलं, तर त्यातला मजकूर पुसण्याचा अधिकार गूगलने राखून ठेवला आहे. म्हणून पैसे भरून १०० जीबी घेतलेल्या माणसाने पुढे ते थांबवायचं ठरवलं, तर आधी फायली उतरवून घ्याव्यात. पैसे थांबले म्हणून दुसऱ्या दिवशी काही जात नाही, पण मुदतीचं घड्याळ सुरू होतं.

दुसरं घड्याळ न वापरलेल्या खात्यांचं. दोन वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही असं वैयक्तिक गूगल खातं त्यातल्या फोटोंसकट काढून टाकता येईल, असं धोरण कंपनीने मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्या डिसेंबरपासून ते लागू झालं. ‘जुन्या खात्यावर आहेत सगळे फोटो’ असं म्हणणाऱ्यांनी आजच तिथे लॉग-इन करून बघावं.

‘सर्व्हर जळला की सगळं गेलं’

सर्व्हर जळतात, हे खरं आहे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत संपलं. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणारी ८५८ टेराबाइटची यंत्रणा नष्ट झाली. तिचा बाहेर बॅकअपच नव्हता.

तरीही गूगल, अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या एकाच फाइलच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर आणि ठिकाणी ठेवतात. आगीमुळे तुमचा फोटो जाण्याची शक्यता फार कमी. त्याहून कितीतरी जवळचा धोका म्हणजे खातंच बंद होणं. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका वडिलांनी २०२१ मध्ये आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांसाठी काढले. फोनने ते आपोआप गूगलवर चढवले आणि यंत्रणेला ते बालशोषणाचे वाटले. पोलिसांनी तपास करून काही गुन्हा नसल्याचं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. मेल, फोटो आणि गूगलचीच सेवा असलेला फोन नंबर, सगळं एकदम गेलं. सगळं एकाच खात्यावर टांगलेलं असलं की असं होतं.

आपल्याकडे याचं साधं रूप रोज दिसतं. खातं उघडताना दिलेला मोबाइल नंबर बंद झालेला असतो, पासवर्ड आठवत नाही, आणि पडताळणीचा कोड त्या जुन्या नंबरवर जात राहतो. बंद झालेले नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात. तेव्हा सिम बदललं की खात्यातला नंबर त्याच दिवशी बदलावा.

‘एन्क्रिप्शन आहे म्हटल्यावर कुणी बघूच शकत नाही’

फायली कुलपात असतात, पण किल्ली कुणाकडे असते ते बघायला हवं. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांच्या नेहमीच्या वैयक्तिक खात्यांत किल्ली कंपनीकडेही असते, भाड्याच्या घराची दुसरी किल्ली मालकाकडे असावी तशी. त्यामुळेच पासवर्ड विसरलात तरी ओळख पटवून तुम्हाला परत आत शिरता येतं, आणि कायदेशीर आदेश आला तर कंपनीला फायली देता येतात. मेगा आणि प्रोटॉन ड्राइव्ह किल्ली फक्त तुमच्याकडे ठेवतात. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आणून तशी सोय दिली, ती मात्र आपण होऊन चालू करावी लागते. अशा ठिकाणी पासवर्ड आणि रिकव्हरी की दोन्ही हरवलं, तर कंपनीही काही करू शकत नाही. माझं मत विचाराल तर कौटुंबिक फोटोंना याची गरज नाही. मालमत्तेची कागदपत्रं, वैद्यकीय अहवाल, पत्रकाराची किंवा वकिलाची कागदं असतील, तर नक्की घ्यावं.

यापेक्षा जास्त गुपितं ‘एनीवन विथ द लिंक’ने फुटतात. एकदा दिलेली लिंक पुढे कुणाच्या हाती जाते ते कळत नाही. पॅन आणि आधारचं स्कॅन असल्या लिंकवर ठेवूच नये.

‘डिजिलॉकर म्हणजे सरकारी गूगल ड्राइव्ह’

तसं नाही. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत. राज्य शिक्षण मंडळाची गुणपत्रिका, वाहन परवाना, आरसी यांसारखी जी कागदपत्रं त्या-त्या संस्थेकडून थेट येतात, ती ‘इश्यूड’. २०१६ च्या नियमांनुसार त्यांना मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली ती ‘अपलोडेड’. तिथे जागा १ जीबी आणि ती साधी झेरॉक्सच. परवान्याचा फोटो तिथे चढवून ठेवला आणि पोलिसाला दाखवला, तर तो मान्य होत नाही. परिवहन खात्याकडून आलेली प्रत घेतलेली असावी लागते.

‘नाही पटलं तर दुसरीकडे हलवू’

हलवता येतं, पण वेळ काढा. १०० जीबी चढवायला २० एमबीपीएसच्या अपलोडने अखंड ११ तास लागतात. शिवाय गूगलच्या टेकआउटमधून फोटो उतरवले की दिलेले कॅप्शन आणि बदललेल्या तारखा वेगळ्या फायलींत येतात. त्या फायली फेकून दिल्या तर ही माहिती हरवते.

‘पासवर्ड घरच्यांना माहीत आहे’

पासवर्ड माहीत असला तरी पडताळणीचा कोड गेलेल्या माणसाच्या फोनवर येतो आणि त्याचं सिम एव्हाना बंद झालेलं असतं. गूगलमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं किती महिने शांत राहिलं की कुणाला कळवायचं आणि कुठला डेटा द्यायचा, हे तिथे ठरवता येतं. मुदत ३ ते १८ महिन्यांची, आणि दहा जणांपर्यंत नावं देता येतात. अ‍ॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. नेमलेल्या माणसाला मृत्यूच्या दाखल्यासोबत एक अ‍ॅक्सेस की द्यावी लागते. ती नाव नेमतानाच तयार होते, तेव्हा तिची छापील प्रत काढून मृत्युपत्राच्या किंवा विम्याच्या कागदांतच ठेवावी.