कोणता ऑनलाइन गेम तुमचा?

सागवान नागपूरच्या लकडगंजातल्या आरामशीनवर चिरलं जातं, तसंच 2013 साली आलेल्या ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’मध्येही. झाड तोडायचं, ओंडका आरामशीनवाल्याकडे न्यायचा, चिराई मोजून फळ्या घ्यायच्या. सागाला लाकूडतोडीची 35वी पातळी आणि विकतचं सदस्यत्व लागतं. ओक, विलो मात्र फुकट. सावकाश, कामसू स्वभावाच्या माणसाला यासारखा दुसरा गेम नाही, शिवाय तो मोबाइलवरही चालतो.

भावताव अंगात मुरलेला असेल तर ‘ईव्ह ऑनलाइन’ (2003). त्यातली अंतराळयानं बहुतांशी खेळाडूच बांधतात आणि विकतात. हिशेब समजायलाच बराच काळ जातो, हेही खरं.

गोष्टीत रमणाऱ्यांसाठी ‘फायनल फँटसी 14’. दरमहाची वर्गणी नको असेल तर ‘गिल्ड वॉर्स 2’. पण त्याचे सर्व्हर अमेरिका-युरोपात, त्यामुळे नागपुरात पिंग जास्त. ‘अल्बियन ऑनलाइन’चा सर्व्हर आशियातही आहे, मात्र त्याच्या धोक्याच्या भागात मेलात की अंगावरचा माल लुटला जातो.

पैसे लावून खेळायचे गेम वेगळे. 2025च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदी घातली आहे.

वर्गणी भरण्याआधी फुकट आवृत्ती खेळून पाहा.